परतीचे खोके

११ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तसंच कचऱ्यात टाकणार असशील तर जरा थांब. हे घरचं पत्र नाही, कामाचं आहे. घरचं एक अक्षर यात येणार नाही, शब्द देते.

तुझा पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी दिला. त्या आता नोकरी सोडून शिवणाचे क्लास घेतात. म्हणाल्या, "बोटी बांधायच्या कारखान्याच्या पत्त्यावर लिही. तिथे सुतारकाम करणारी बाई एकच आहे, पत्र बरोबर पोचेल." तुझा नवा फोन नंबर त्यांच्याकडेही नव्हता, म्हणून टपाल.

तर काम असं. तू सोडलेल्या कंपनीत मी गेल्या वर्षापासून आहे. हसू नकोस. तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या बाजूला. कंपनी अजून तेच करते, लशी आणि औषधं थंड खोक्यांत भरून दवाखान्यांना पोचवते. मी तुझ्यासारखी डेटाची टेबलं, ते आकड्यांचे तक्ते, बनवत नाही. मी लिहिते. कुठलं बटण दाबायचं, दाबल्यावर काय होतं आणि काय होत नाही, हे साध्या भाषेत लिहून ठेवायचं. डॉक्युमेंटेशन.

तुझ्या वेळी लोक स्वतः डेटा वेअरहाउसमध्ये, त्या आकड्यांच्या कोठारात, शिरून आकडे काढायचे. आता एआय एजंटला विचारतात. "मागच्या महिन्यात किती लशी वाया गेल्या?" असं विचारलं की तो आत जाऊन उत्तर घेऊन येतो. पण आत हजारो टेबलं, आणि एकाच नावाचे कॉलम दहा ठिकाणी. बिचारा गोंधळतो. म्हणून आमच्या एका इंजिनिअरनं एक टूल केलंय. एजंटनं आधी त्या टूलला विचारायचं, की अमुक माहिती कुठल्या टेबलात आहे, या कॉलमचा अर्थ काय, तो शेवटचा कधी भरला. मोठ्या दुकानात शिरल्यावर आपण काउंटरवरच्या माणसाला "गाळणी कुठे मिळेल?" विचारतो ना, तसं. तो इंजिनिअर इतका उंच आहे की सगळे त्याला जिराफ म्हणतात, अगदी तोंडावर. त्याच्या टूलचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आलंय. वाचणार एजंट. म्हणजे पहिल्यांदाच मला शेवटच्या पानापर्यंत वाचणारा वाचक मिळालाय.

आता अडचण. एजंटनं मॅनेजर बाईंना एक अहवाल दिला. लांबच्या, डोंगरापलीकडच्या दवाखान्यांना आपण जेवढे खोके पाठवतो, त्यातले जवळजवळ सगळे परत येतात. बाईंनी अर्थ काढला, माल तिथे पोचेपर्यंत खराब होतो, लोक घेत नाहीत. आता तिकडची ट्रकची फेरीच बंद करायचं घाटतंय. महिनाअखेरीला बैठक आहे. फेरी बंद झाली तर त्या लोकांनी लशीसाठी दिवसभर प्रवास करायचा.

मी माझ्या कागदात टूलचं एखादं खरं उदाहरण द्यावं म्हणून नेमकं तेच टेबल उघडलं. वर्णनाच्या रकान्यात दोनच शब्द, "परतीचे खोके". बनवणाऱ्याच्या जागी तुझं नाव. टेबलाची तारीख तुझ्या शेवटच्या आठवड्यातली.

परतीचे म्हणजे नेमके कसले? नाकारलेले? जिराफ म्हणतो, दुसरा अर्थच काय असणार. मी म्हटलं, दवाखान्यांना फोन करून विचारू. मॅनेजर बाई म्हणाल्या, "फोनवर सगळे आपलं चांगलंच सांगतात. मला लेखी काहीतरी आण." तुझ्याबरोबरचं आता इथे कुणीच नाही.

एका ओळीचं उत्तर पुरे. वर "प्रिय" लिहिलं नाहीस तरी चालेल.

खारूटी

ता. क. बाबा बरे आहेत. शब्द मी पत्रापुरता दिला होता. ताजा कलम त्यात धरत नाहीत.


२७ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं! बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या टपालानं. त्याला व्हार्निशचा असा वास होता की आमच्या शिपायानं आधी ते नाकाजवळ नेलं आणि मग माझ्या हातात दिलं. "रिकामे खोके. धुऊन पुन्हा वापरायचे म्हणून परत मागवतो. नाकारलेल्या मालाचं टेबल वेगळं, नाव 'नामंजूर'." खाली सहीसुद्धा नाही. मी झेरॉक्सजवळ उभी राहून एकटीच हसले.

जिराफाला दाखवलं. त्यानं वाचलं आणि कपाळावर हात मारला. मग खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसला आणि आम्ही 'नामंजूर' टेबल शोधलं. होतं. तीन पातळ्या खाली, कुणी वर्षानुवर्षं न उघडलेलं, पण रोज निमूटपणे भरत असलेलं. डोंगरापलीकडच्या दवाखान्यांनी नाकारलेला माल? नगण्य. उलट रिकामे खोके वेळच्या वेळी परत पाठवण्यात तेच पुढे. आपल्या ऑफिसच्या दोन गल्ल्या पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलचे खोके मात्र गेले की गेले.

बैठकीत मी बोलायचं ठरलं. मॅनेजर बाई आधी म्हणाल्या, "कुठल्यातरी सुतारणीच्या कार्डावर मी निर्णय फिरवू?" मी म्हटलं, "बाई, कार्डावर नका फिरवू. कार्डानं फक्त दार दाखवलं, आत काय आहे ते तुम्हीच बघा." आणि पडद्यावर 'नामंजूर' उघडलं. त्यांनी ते शांतपणे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे जे आपले सगळ्यात शिस्तीचे लोक, त्यांनाच आपण शिक्षा देणार होतो?" "फेरी चालू राहील," म्हणाल्या. आणि दाराशी जाऊन वळल्या. "पण हे पुन्हा होता कामा नये. ते कसं, ते तुम्ही दोघांनी बघायचं."

आम्ही दोघांनी म्हणजे मी आणि जिराफानं. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, वर्णन अर्धवट असेल तर टूलनं एजंटला स्पष्ट सांगावं, "या कॉलमचा अर्थ मला माहीत नाही", आणि एजंटनंही माणसाला तेच सांगावं. तो म्हणाला, असं झालं तर एजंट दिवसभर "माहीत नाही, माहीत नाही" करत बसेल, लोक टूल फेकून देतील. मी म्हटलं, छातीठोक चुकीचं सांगण्यापेक्षा ते बरं. तो म्हणाला, तुम्हाला टूल कशाशी खातात ते कळत नाही. मी म्हटलं, तुम्हाला माणूस कशाशी खातात ते कळत नाही. इतकं मोठ्यानं की चौथ्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर त्याची चिठ्ठी. "केलं. 'माहीत नाही' म्हणायला शिकवलं. मलाही सवय करायला हवी." वर एक पेरू. उंच माणसं विचित्र असतात.

आता सगळ्या टेबलांची वर्णनं पूर्ण करायचीयत. तुझी बहुतेक झालेलीच आहेत, आणि काय लिहिली आहेस गं! बाकीच्यांची वाचली की झोप येते. पण शेवटच्या आठवड्यातली काही टेबलं तू घाईत टाकून गेलीस. यादी सोबत जोडलीय. सवडीनं.

खारूटी

ता. क. तू रंधा मारून मारून हाताला घट्टे पाडून घेतले असशील. दाखवायला फोटो पाठवलास तर मी बाबांना दाखवणार नाही.


२० मार्च

ताई,

दोन पानी पत्र! आणि यादीतल्या प्रत्येक टेबलाचा अर्थ! "बाबांना माझा पत्ता देऊ नकोस" हे तू दोनदा लिहिलंयस आणि दुसऱ्यांदा खाली रेघ मारलीयस. नाही दिला. पण रविवारी जे झालं ते मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचा दोष जिराफाचा.

तो म्हणाला, डॉक्युमेंटेशन तपासायचं असेल तर ते अशा माणसाला द्या ज्याला आतलं काहीच माहीत नाही, आणि जो लिहिलंय तेवढंच करतो, मनाचं काही घालत नाही. मी म्हटलं, मनाचं न घालणारा नाही, पण लिहिलेल्यातली चूक काढल्याशिवाय पुढे न जाणारा एक माणूस आहे. जन्मभर भूगोल शिकवलाय. नकाशावर उत्तर दिशेचा बाण नसला तर अख्खा नकाशा परत करायचे.

तर रविवारी मी बाबांना एजंट केलं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ते, हातात माझी पानं. दुसऱ्या बाजूला मी, म्हणजे टूल, समोर टेबलांची वर्णनं छापलेल्या कार्डांचा गठ्ठा. नियम एकच, पानात लिहिलंय तेवढंच विचारायचं. प्रश्न दिला, "कुठल्या दवाखान्यात लशी सगळ्यात जास्त वाया जातात?"

"मी आता काय करू?"

"पानावर लिहिलंय, बाबा."

"पानावर लिहिलंय, 'योग्य टेबल शोधा'. योग्य म्हणजे कुठलं? वर्गात 'योग्य उत्तर लिहा' म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं काय लिहायची ठाऊक आहे? 'योग्य उत्तर'."

मी "योग्य" खोडलं. त्या जागी लिहिलं, "प्रश्नातला मुख्य शब्द टूलला द्या." त्यांनी मला "वाया" हा शब्द दिला. मी तीन कार्डं पुढे सरकवली.

"तीन? या तिघांतलं कोण खरं बोलतंय?"

"वर्णन वाचा आणि ठरवा. आणि बाबा, एजंट चिडत नाही."

"मी नवीन आहे अजून."

मग त्यांनी एक कार्ड मोठ्यानं वाचलं. "हा आकडा सकाळी खरा असतो. ट्रक निघाला की शिळा होतो. संध्याकाळी यावर कुणाशी पैज लावू नका." आणि हसायला लागले. असे हसले ताई, की चष्मा हातात घ्यावा लागला. पुन्हा वाचलं, पुन्हा हसले. मग एकदम विचारलं, "कुणी लिहिलंय हे?"

मी म्हटलं, "ज्यांनी टेबल बनवलं त्यांनी."

त्यांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं, मागे काही नव्हतं. मग म्हणाले, "हिची अजून आहेत का?"

हिची, म्हणाले. मी तुझी सगळी कार्डं वेगळी करून दिली. ते खिडकीपाशी उभं राहून एकेक वाचत राहिले. चहावर साय धरली. मी हलले नाही. शेवटचं कार्ड संपल्यावर येऊन बसले, पानं नीट जुळवली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "टूलला एक प्रश्न विचारायचाय."

"विचारा."

"ती वेळेवर जेवते का?"

पण मी टूल होते. म्हटलं, "ही माहिती कुठल्याही टेबलात नाही."

"हे टूल सांगतंय की खारूटी?"

"टूल."

"आणि खारूटीला काय माहीत आहे?"

"तिलाही माहीत नाही. ती विचारून सांगेल."

"विचार," म्हणाले, आणि उठून पंख्याचं बटण उगाच बंद-चालू करत राहिले.

तर, ताई, वेळेवर जेवतेस का? पत्ता त्यांनी मागितला नाही. मी दिला नाही. एवढंच विचारलंय.

खारूटी

ता. क. पेरू देण्यात काही अर्थ नसतो, तू उगाच तिरपं लिहू नकोस. आणि त्याचा उल्लेख मी कामापुरताच करते.


१५ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. "जेवते. कारखान्याची घंटा वाजली की. तुमच्या शाळेच्या घंटेसारखीच कर्कश आहे, पोट आपोआप भुकेजतं." बाबा म्हणाले, "दाखव." कागद घेतला आणि बोटानं एका शब्दावर थांबले. "'तुमच्या' लिहिलंय तिनं." मी म्हटलं, हो. "म्हणजे मला लिहिलंय." मी म्हटलं, दिसतंय तसं. मग दिवसभर घरात शीळ. आई गेल्यानंतर मी ती शीळ पहिल्यांदा ऐकली. सूर अजून तसाच बेसूर आहे.

तू लिहिलंस की बाबांचं "एवढं शिकून रंधाच मारायचा असेल तर या घरात पाय ठेवू नकोस" हे वाक्य तुला अजून कधी कधी करवतीच्या आवाजात ऐकू येतं. मी ते बाबांना सांगितलं नाही. पण मला वाटतं, त्यांनाही ते ऐकू येतं. हल्ली ते वाचनालयातून लाकडावरची पुस्तकं आणतात. परवा जेवताना विचारलं, "बोटीच्या फळ्या वाफेवर वाकवतात, हे खरं का?" मी म्हटलं, मला काय माहीत. "नाही, तुला कुणी सांगितलं असेल तर," म्हणाले आणि पुन्हा भाताकडे वळले.

आता आमची बातमी. टूल सुरू झालं! सोमवारी मोठ्या खोलीत सगळ्यांसमोर. मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. मॅनेजर बाईंनी पहिलाच प्रश्न तो टाकला, "डोंगरापलीकडच्या दवाखान्यांचे किती खोके परत येतात?" एजंटनं आधी टूलला विचारलं, मग उत्तर दिलं की जवळजवळ सगळे, आणि हे रिकामे, पुन्हा वापरायचे खोके आहेत, नाकारलेल्या मालासाठी 'नामंजूर' बघावं. खोलीत टाळ्या. मग विक्रीचे साहेब उठले. त्यांना नेहमीच काहीतरी भारी विचारायचं असतं. "आपला सगळ्यात चांगला ग्राहक कोण?" एजंट म्हणाला, "'चांगला' म्हणजे काय हे मला कुठल्याही टेबलात सापडलं नाही. तुम्हाला जास्त माल घेणारा अभिप्रेत आहे, की कमी वाया घालवणारा?" साहेब म्हणाले, "हे... मला सांगता येत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबांनाही टूल बसवा." मॅनेजर बाईसुद्धा हसल्या, तोंडावर फाइल धरून.

सगळं संपल्यावर मी गच्चीत गेले, तर जिराफ आधीच तिथे, वाळत घातलेल्या फडक्यांच्या दोरीत डोकं अडकवून उभा. त्याला सोडवता सोडवता तो म्हणाला, "तुमची पानं नसती तर माझं टूल म्हणजे नुसता खांब होता." मी म्हटलं, "खांब तर तुम्ही आहातच." तो म्हणाला, "मग आता 'तुम्ही' सोडायचं का?"

पुढचं लिहीत नाही. कामाचं नाही ते.

या पाकिटात आणखी एक कागद आहे. तो माझा नाही. मी वाचलेला नाही. बाबांनी पाकीट माझ्याकडे मागितलं, त्यात घातला आणि म्हणाले, "पत्ता तू लिही. मी बघणार नाही." आणि खरंच पाठ करून उभे राहिले.

खारूटी


१४ एप्रिल

थोरलीस,

खारूटीच्या पानांची तपासणी माझ्याकडे असल्याने तुझी वर्णने वाचनात आली. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, कळवीन. बाकी मजकूर उत्तम. जे माहीत आहे ते सांगावे आणि जिथे माहिती संपते तिथे तसे लिहावे, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. कुणी ऐकत होते, हे पाहून बरे वाटले.

तू बांधतेस त्या बोटी उथळ पाण्यातल्या की खोल? तळ सपाट की कोनाचा? समुद्र, लाटा, भरती-ओहोटी मी मुलांना फळ्यावर शिकवली. बोटीत मात्र मी कधी बसलेलो नाही. हे मी कधी कुणाला सांगितलेले नाही.

तुमच्याकडे एखादी बोट पाण्यात सोडायची असेल, तर काठावर उभे राहून पाहण्यास बाहेरच्या माणसांना मनाई असते काय? मी मध्ये येणार नाही. हाताशी काही द्यायचे असेल तर देईन. रंधा मात्र मला येत नाही, शिकावा लागेल.

पोळीबरोबर भाजी घेत जा. नुसते लोणचे नको.

बाबा


८ मे

ताई,

तुझं पत्र बाबांच्या नावानं आलं. पोस्टमन दारातून "आजोबा, तुमचं," म्हणाला तर ते म्हणाले, "माझं नसेल, विजेचं बिल असेल." मग अक्षर पाहिलं. दारातच उभं राहून वाचलं, बसले नाहीत. मला दिलं नाही. फक्त एवढंच सांगितलं, "बोटीचा तळ कोनाचा आहे. एकवीस तारखेला सोडतायत. मनाई नाही म्हणाली." आणि आत जाऊन कपाटाच्या वरची बॅग काढायला स्टुलावर चढले. मी खाली स्टूल धरून उभी होते, तर वरून विचारतात, "तिच्यासाठी काय न्यायचं?"

ते तीन दिवस चाललं. स्वेटर काढला, ठेवला. आईची शाल काढली, घडी केली, पुन्हा घडी केली. शेवटी बाजारातून हातमोजे आणले, जाड चामड्याचे, सुतारकामाचे. दुकानदाराला म्हणे विचारलं, "बाईच्या हाताच्या मापाचे द्या." तो म्हणाला, "कुणासाठी?" तर बाबा म्हणाले, "आमची मोठी बोटी बांधते." घरी येऊन हा संवाद मला दोनदा सांगितला, दुकानदाराचा चेहरा करून.

आम्ही वीसला निघतो. गाडी जिराफ चालवतोय. कारण बाबांना रात्रीचा प्रवास नको आणि जिराफाला सुट्टी आहे. एवढंच कारण. मागच्या रविवारी तो घरी आला होता, दाराच्या चौकटीला कपाळ आपटून आत शिरला. बाबांनी त्याला उंची विचारली, मग ढगांचे प्रकार विचारले. दोन चुकले. तरी बाबा म्हणाले, "येऊ दे बरोबर. उंच माणूस बंदरावर उपयोगी पडतो."

काय उपयोगी पडतो, ते मी विचारलं नाही.

खारूटी


२२ मे

ताई,

तू खाली पाण्यावर आहेस आणि मी तुझ्याच खोलीत, तुझ्याच टेबलावर बसून तुला पत्र लिहितेय. भुसा फुंकून जागा केली. हे रंध्याखाली ठेवून देईन, काम सुरू करताना सापडेल.

लिहिण्याचं कारण असं. काल जिन्यात तू विचारलंस, "मग?" आणि मी म्हटलं, "मग काय?" आणि तू माझं नाक ओढलंस. तोंडानं सांगितलं असतं तर तू किंचाळली असतीस आणि बाबांना तुझ्या किंचाळण्यातून कळलं असतं. त्यांना मला स्वतः सांगायचंय, आज दुपारी. तर लेखी घे. त्यानं लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलंय. मला इतका आनंद झालाय ताई, की सारखं कुठेतरी टेकून उभं राहावंसं वाटतं.

आता कालचं. तू गर्दीत होतीस, तुला दिसलं नसेल. बोट रुळांवरून घसरत पाण्याकडे निघाली तेव्हा सगळे ओरडत होते, आणि बाबांनी माझा दंड असा धरला होता की आज तिथे निळं पडलंय. ती पाण्यात शिरली, एका बाजूला कलली. बाबांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "बाबा, बघा, सरळ झाली." त्यांनी डोळे उघडले. ती तरंगत होती, नुसती डुलत, जणू कायमची तिथलीच. बाबा म्हणाले, "तरंगतेय की गं." मग शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "माझ्या मुलीची आहे." तो म्हणाला, "मालकीची?" बाबा म्हणाले, "नाही हो. बांधलेली."

त्यानंतर ते तुझ्याकडे आले. ते तुला दिसलं. त्यांनी हातमोजे पुढे केले आणि सगळं जमवून आणलेलं भाषण विसरले. तू मोजे घातलेस, मापाला मोठे निघाले, आणि तू ते हात तसेच त्यांच्या गालांना लावलेस. मी दुसरीकडे बघितलं. जिराफही दुसरीकडे बघायला गेला आणि दोरखंडात पाय अडकून पडला.

संध्याकाळी तू त्यांना कारखान्यात नेऊन सांधे दाखवलेस, वाफेची पेटी दाखवलीस. ते वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे प्रश्न विचारत होते. एका प्रश्नावर तू म्हणालीस, "ते मलाही अजून माहीत नाही, बाबा." ते इतके खूश झाले की रस्ताभर तेच सांगत होते, "माहीत नाही म्हणाली, स्पष्ट."

सकाळी तुम्ही दोघं पहिल्यांदा बोट घेऊन गेलात. मला बोलावलं होतंत, पण मी मुद्दाम आले नाही. या खिडकीतून दिसताय तुम्ही. आता परतताय. वल्ही तुझ्या हातात आहेत आणि बाबा समोर बसून हातवारे करतायत. बहुतेक भरती-ओहोटी समजावतायत, तीही तुला.

अरे देवा, ताई, ते उभे राहिले. बोटीत उभे! तुझा आवाज थेट इथवर येतोय, "बाबा, खाली बसा म्हणते ना!"

बसले. एका हाकेत. मी त्यांना आजवर कुणाचं असं ऐकताना पाहिलेलं नाही.

तुझ्या हातून एक वल्हं निसटलं वाटतं. हसतेयस तू, इथून खांदे हलताना दिसतायत. आणि ते वल्हं धरायला जिराफ पाण्यात शिरलाय, बुटांसकट, आणि पाणी त्याच्या जेमतेम गुडघ्याला. बाबा टाळ्या वाजवतायत.

थांबा, मी खाली येते.

खारूटी